तिसरी शिट्टी

रुडोचं ते गाणं आता कुठेही लागतं. सुपरमार्केटात दूध घेताना, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलेली असताना, स्वोर्ड्सहून विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये. दुसरं कडवं संपतं, टाळ्या चालू असतात आणि मधेच त्या थबकतात. त्या थबकण्यात लांबून एक शिट्टी ऐकू येते, किनरी आणि जराशी चिडलेली. मग टाळ्या पुन्हा सुरू होतात, आधीपेक्षा जोरात. या देशातल्या बहुतेकांना वाटतं की ती शिट्टी आगगाडीची आहे. एका पेपरवाल्याने तर ती आफ्रिकेतल्या कुठल्याशा पक्ष्याची ठरवून तिच्यावरून मायदेश, विरह वगैरे अर्धं पान भरलं होतं. ती शिट्टी आमच्या कुकरची आहे. खालच्या डब्यात तूरडाळ होती आणि वरच्या डब्यात भात. इतकी वर्षं मी हे पार्ट्यांमध्ये सांगत आले आणि लोक हसून पुढच्या विषयाकडे वळत आले, म्हणून आता लिहूनच ठेवते.

आम्ही तेव्हा डब्लिनच्या कडेला क्लोनडॉकिनला राहायचो. बाबा पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आले आणि त्यांच्या मागोमाग आई आणि मी. घर जोडघर होतं, म्हणजे मधली भिंत एकच, अलीकडे आम्ही आणि पलीकडे दुसरं कोणी. घरं एकमेकांची उलटी प्रतिकृती, त्यामुळे दोन्ही स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून उभी. भिंत अशी की पलीकडच्यांनी कपाटातून भांडं काढलं तर कुठलं काढलं हेही आम्हाला कळावं. मी सोळा वर्षांची होते आणि शाळेतून आले की दप्तर जिन्यावर फेकून स्वयंपाकघरात जायची, कारण घरात उबदार अशी तेवढी एकच जागा होती. तिथे आई असायची. पुण्यात ती बँकेत होती, आणि बँकेतून सुटल्यावर मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या बायकांच्या एका ग्रुपमध्ये. झिम्मा, फुगडी, पिंगा, सगळं. श्रावणात तर तिला घरी जेवायला सवड नसायची. इथे आल्यावर तिच्या पासपोर्टावर असा शिक्का बसला की नवऱ्याबरोबर राहा, पण नोकरी करायची नाही. 'राहा म्हणे! मी काय त्यांच्या ऑफिसातली खुर्ची आहे?' असं ती पहिल्या आठवड्यात म्हणाली, आणि मग बराच काळ काहीच म्हणाली नाही. ती पोळ्या लाटायची, खिडकीतून करड्या आभाळाकडे बघायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायची. आईचं ते गप्प बसणं मला आवडत नव्हतं. आजही कोणी बाई फार शहाण्यासारखी गप्प बसली की माझं डोकं फिरतं.

पलीकडे रुडो मोयो आणि तिची आई राहत होत्या. रुडो दहा वर्षांची असताना झिम्बाब्वेहून आली होती, तेव्हा एकोणीस-वीसची असेल. मोयोकाकू एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करायच्या आणि दिवसा वरच्या मजल्यावर झोपायच्या. म्हणून रुडो गायची ती खाली, स्वयंपाकघरात, म्हणजे आमच्या कानातच म्हणा ना. ती सुपरमार्केटच्या गल्ल्यावर काम करायची आणि उरलेला सगळा वेळ गायची. एकच ओळ वीसदा. मधेच थांबायची, स्वतःलाच शिव्या द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. बाबा रविवारी पेपर वाचता वाचता लाटणं घेऊन भिंतीवर ठोकायचे. पलीकडून लगेच तसंच ठोकलेलं ऐकू यायचं, वर एक ठोका जास्त. शेवटी बाबा आईला म्हणाले, 'तू जाऊन सांग त्यांना. बायकांनी सांगितलेलं बरं दिसतं. आणि फार घसट नको हं त्या लोकांशी.'

आता गंमत अशी की माझी आई भांडायला जरी गेली तरी कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जाणं तिला जमत नाही. तिने साबुदाण्याची खिचडी केली, डब्यात भरली, पदर खोचला आणि तक्रार करायला निघाली. दुभाषी म्हणून मला बरोबर नेलं. दार रुडोने उघडलं. उंच, डोक्याला पिवळं फडकं गुंडाळलेलं, आणि नजर अशी की आधी तुम्ही बोला, मग मी ठरवते. पण डबा बघितल्यावर तिने गुडघे किंचित वाकवले, दोन्ही तळवे ओंजळीसारखे पोकळ केले आणि हळूच टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे काही घेताना बायका असा मान देतात हे मला नंतर समजलं. आई तक्रार विसरली. तिने डबा माझ्या हातात कोंबला, आपले तळवे तसेच पोकळ केले आणि उलट टाळी दिली, झिम्म्यातली. एक रुडोची, एक आईची, मधे अर्धी आईची. दारातल्या दारात दोघींची जुंपली. मी हातात खिचडी धरून उभी. रुडो थांबली आणि म्हणाली (ती पक्क्या डब्लिनच्या इंग्रजीत बोलायची, मी मराठीत आणते आहे), 'ही मधली अर्धी कुठून आणली? मी तीन महिने तीच शोधतेय!'

डबा दोन दिवसांनी परत आला, अर्थात भरलेला. त्यांच्यातही रिकामं भांडं परत देत नाहीत. आत होती पालेभाजी, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली, आणि मक्याच्या पिठाची घट्ट पांढरी उकड, तिला ते साड्झा म्हणतात. आईने एक घास खाल्ला आणि भिंतीकडे बघून म्हणाली, 'अगं, ही तर आपली पातळ भाजी! फक्त गूळ विसरली.' पुढच्या वेळी डब्याबरोबर गुळाचा खडाही गेला. असा तो डबा भिंतीला वळसा घालून ये-जा करत राहिला, आणि बाबांच्या तक्रारीचं काय झालं हे विचारायची सोय बाबांनाही राहिली नाही, कारण त्यांना ती भाजी फार आवडली होती.

रुडोबद्दल आता लोक पुस्तकं लिहितात, आणि त्यात ती सोशिक, संघर्षमय वगैरे असते. मला आठवणारी रुडो सोशिक अजिबात नव्हती. बसस्टॉपवर पोरांचं एक टोळकं असायचं, ते आम्हा दोघींना बघून ओरडायचं, घरी जा म्हणून. मी मान खाली घालायची. रुडो थांबायची आणि म्हणायची, 'घरीच चाललेय, दोन मिनिटांवर आहे. तुला घर नाही का रे?' शाळेत तिचं नाव बाईंनी 'रोडा' करून टाकलं होतं, तर वर्षभर तिने त्या नावाला ओच दिली नाही. हजेरीला गैरहजर! तिच्या भाषेत एक शब्द आहे, हांदिदी. म्हणजे, मला नको. मला हे मान्य नाही. तो तिच्या तोंडात सारखा असायचा आणि त्याच शब्दाचं तिने गाणं केलं. नाव लहान कर, हांदिदी. केस बांध, हांदिदी. हळू बोल, हळू चाल, हळू हस, हांदिदी, हांदिदी. असं साधं गाणं होतं. पण ती ते गायला लागली की माझ्या पाठीचा कणा आपोआप सरळ व्हायचा.

गाण्याला टाळ्या हव्या होत्या आणि त्या आईच्याच हव्या होत्या. रुडोने कुणाकडून तरी ध्वनिमुद्रणाचं सामान आणलं, खिडकीवर गादी उभी केली, आणि शनिवारी दुपारी मोयोकाकू उठल्यावर आम्ही सगळ्या त्यांच्या स्वयंपाकघरात जमलो. टाळ्या वाजवायला आई, मोयोकाकू आणि मी. निघताना आईने घरी कुकर लावला होता आणि बाबांना बजावलं होतं, 'दोन झाल्या की बंद करा.' बाबा कॉम्प्युटरसमोर होते. हो म्हणाले. इकडे गाणं रंगात आलं, दुसरं कडवं संपलं, आणि भिंतीपलीकडून शिट्टी. तिसरी! आईचे हात हवेत थांबले. मान गॅसच्या दिशेने वळली, एक पाय उचललाही गेला. आई थांबली म्हणून मोयोकाकू थांबल्या, त्या थांबल्या म्हणून मी. रुडो मात्र गातच राहिली, डोळ्यांनी आईला म्हणाली, खबरदार. आणि आईने, माझ्या आईने, जिने जन्मात कधी डाळ करपू दिली नव्हती, तो पाय परत खाली ठेवला आणि दातओठ खाऊन टाळी दिली. 'जळली तर जळली,' असं ती मला नंतर म्हणाली. 'इतकी वर्षं मी ऐकलं त्या शिट्टीचं.'

डाळ लागलीच. बाबांनी ती मुकाट्याने खाल्ली. आम्ही गाणं पुन्हा मुद्रित करणार होतो, पण रुडोने तो तुकडा ऐकला, पुन्हा ऐकला, आणि म्हणाली की आता कोणी हात लावायचा नाही. बाबा नंतर म्हातारपणी सगळ्यांना सांगू लागले की त्या गाण्यात माझाही वाटा आहे. आहेच. गॅस बंद न करण्याचा.

एका लहानशा रेडिओ केंद्राने ते गाणं लावलं. मग लोक फोन करून मागायला लागले. आमच्या रस्त्यावरची पोरं त्या शिट्टीच्या जागी तोंडात बोटं घालून शिट्टी मारायची, त्यात बसस्टॉपवरचीही दोन होती. समोरच्या ब्रीडाआजींनी नातवाच्या बारशाला आम्हा सगळ्यांना बोलावलं. आयरिश लोकांत अशा जमलेल्या घरी गाणी होतात आणि त्याचा एक कायदा आहे. जो गातो, त्याला पुढच्याचं नाव पुकारायचा हक्क मिळतो. नोबल कॉल म्हणतात त्याला. ज्याचं नाव पुकारलं त्याने गायचंच, आणि तो गाताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. यजमानालाही त्यात बोलता येत नाही. रुडो गायली आणि तिने थेट आईचं नाव पुकारलं. आईने लाजून हात हलवले, तर ब्रीडाआजी आपली काठी आपटून म्हणाल्या, 'नोबल कॉल आहे बाई, त्याला नाही म्हणत नाहीत.' मग आईने फुगडीतलं गाणं म्हटलं, बसल्या जागी झिम्मा खेळली, आणि घामाघूम होऊन बशीभर केक खाल्ला. घरी येताना बाबा म्हणाले, 'जरा जास्तच झालं हं.' आई म्हणाली, 'कमीच झालं.'

मग तो आला. कॉनर नावाचा माणूस, गाण्यांच्या एका मोठ्या कंपनीचा. मृदू बोलणारा, पाय पुसून घरात येणारा, नावं ठेवायला जागाच न देणारा. तो मोयोकाकूंच्या टेबलाशी बसून म्हणाला की गाणं सुंदर आहे, ते देशभर न्यायचं आहे, फक्त थोडं झाडायला हवं. नाव रुडोऐवजी रूबी. हांदिदीच्या जागी इंग्रजी ओळ, कारण लोकांना म्हणता यायला हवं. शिट्टी अर्थात नको. आणि टाळ्या मशीनवर करू, या सरळ नाहीत. आई तिथेच होती, चहाचे कप धुवत. तिला इंग्रजी जितकं येतं असं लोक समजायचे त्यापेक्षा बरंच जास्त यायचं. तिने कप पुसून जागेवर ठेवले, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरी पोळ्या अशा आपटत लाटल्या गेल्या की बाबांनी विचारलं, काय झालं. 'काढल्या त्याचं नाही वाईट वाटलं,' आई म्हणाली. 'पण सरळ नाहीत? मला म्हणाला, सरळ नाहीत? पुण्यात येऊन म्हणून दाखव म्हणावं!'

रुडो हो म्हणाली. हे मला पचेना. मी भिंतीला वळसा घालून गेले आणि तिच्यावर ओरडले, सोळा वर्षांच्या मुलीला जेवढं न्यायाने ओरडता येतं तेवढं. ती सुपरमार्केटचा निळा एप्रन काढत होती. म्हणाली, 'वर जा. माझ्या आईचे गुडघे बघून ये, मग बोल.' मोयोकाकूंचे गुडघे रोज सकाळी सुजलेले असायचे, म्हाताऱ्यांना उचलून उचलून. 'एकदा दार उघडू दे,' रुडो म्हणाली. 'आत गेले की माझं नाव मीच सांगेन.' हे मी घरी येऊन आईला सांगितलं. आई कणीक मळत होती. म्हणाली, 'आत गेल्यावर नाव विचारत नाहीत गं कोणी. ते दारातच विचारतात.' हे वाक्य मी जसंच्या तसं पलीकडे पोचवलं. रुडोने ऐकलं आणि दार लावून घेतलं. डबा आठवडाभर आमच्याकडेच पडून होता. आठवडाभर पलीकडून रूबीची इंग्रजी ओळ ऐकू यायची, एकदम सुरात, आणि आई त्या वेळी नळ मोठा सोडून भांडी घासायची.

करारावर सह्या व्हायच्या होत्या गॉलवेला. तिथे उन्हाळ्यात एका मोठ्या तंबूत गाण्यांचा कार्यक्रम होता, भर दुपारी, आणि कंपनीला रूबी लोकांपुढे कशी दिसते ते बघायचं होतं. नीट पार पडलं तर त्याच संध्याकाळी सही. आदल्या दिवशी डबा न्यायला म्हणून रुडो आमच्या दारात आली. डबा घेतला नाहीच. आईला म्हणाली, 'आँटी, तुम्ही या. पुढच्या रांगेत बसा. मला तिथे ओळखीचं तोंड हवंय.' बाबा म्हणाले की दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची मीटिंग आहे, त्या तंबूत काय गोंधळ असेल सांगता येत नाही, आणि पोरीचा अभ्यास आहे. आई ऐकत होती. बाबा पुढे बोलत गेले ते भलत्याच ठिकाणी पोचले. 'मंडळात लोक आधीच विचारतात, वहिनी हल्ली कोणाबरोबर टाळ्या पिटत असतात म्हणून.'

आईने हात पुसले. 'तुम्ही मला पहिल्यांदा कुठे बघितलंत?' ती म्हणाली. 'सांगा ना पोरीसमोर. स्टेजवर. मंगळागौरीच्या स्पर्धेत, टाळ्या पिटताना. घरी जाऊन आईला म्हणालात, हीच मुलगी. तेव्हा चालल्या टाळ्या?' मग तिने माझ्याकडे बघून सांगितलं, 'सकाळच्या बसची तिकिटं बघ. दोन.' मी आईला त्याआधी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला होता की मला रडू येत होतं.

आई साडी नेसून, वर रेनकोट घालून, पायात माझे जुने बूट चढवून गॉलवेला आली. तंबू गच्च भरला होता. ओल्या गवताचा, बटाट्याच्या कापांचा आणि बिअरचा वास. कॉनर मंचाच्या कडेला उभा होता, हसतमुख. निवेदकाने रूबी असं नाव पुकारलं आणि रुडो आली. कोणाचा तरी चकचकीत पांढरा पोशाख, केस सरळ करून खांद्यावर सोडलेले. मशीनचं संगीत सुरू झालं. टाळ्या एकदम सरळ. ती इंग्रजी ओळ गायली, हात ठरवल्याप्रमाणे हलवले, ठरवल्याप्रमाणे हसली, एकही चूक केली नाही. पुढच्या रांगेतून आई तिच्याकडे एकटक बघत होती. शिट्टीच्या जागी आईची मान नकळत वळली, आणि शिट्टी झाली नाही. मागे काही पोरांनी तोंडात बोटं घातलेली मी बघितली. त्यांचीही शिट्टी हवेतच राहिली. गाणं संपलं. टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी. कॉनरने मान डोलावली. झालं होतं. दार उघडलं होतं.

रुडो हलली नाही. निवेदक पुढच्याचं नाव घ्यायला आला तर तिने ध्वनिक्षेपक घट्ट धरून ठेवला. 'रूबीचं गाणं संपलं,' ती म्हणाली. 'मी बोलले होते तेवढं केलं. आता मी गायले आहे, म्हणजे नोबल कॉल माझा.' तंबूत असा कल्ला झाला की कापड हललं. आयरिश माणसाला आणखी काय हवं! कॉनर दोन पावलं पुढे आला आणि थांबला. तोही याच मातीतला. नोबल कॉल गॉलवेच्या गर्दीसमोर अडवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. 'मी बोलावते आहे,' रुडो म्हणाली, 'क्लोनडॉकिनच्या मिसेस सुनंदा कुलकर्णींना. आणि माझं नाव रुडो मोयो आहे.'

आई खुर्चीला धरून बसली. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. मग ती उठली, रेनकोट काढून माझ्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि माझ्या जुन्या बुटांत ठाम पावलं टाकत वर गेली. वर गेल्यावर तिने काय करावं? मंगळागौरीत करतात तेच. खेळाआधी नवऱ्याचं नाव घेतात, उखाण्यात. हजार आयरिश माणसांसमोर खणखणीत मराठीत आई म्हणाली:

'भिंतीच्या पलीकडे रुडो गाते, अलीकडे शिजतो भात,
श्रीकांतरावांना कळवा कोणी, आज थांबणार नाही हात!'

एक अक्षर कोणाला कळलं नाही आणि सगळ्यांनी आरोळी ठोकली. आईने तळवे पोकळ केले. पहिली टाळी दिली. रुडोने पायातले उंच टाचांचे बूट काढून बाजूला फेकले, गुडघे वाकवून आईला तिच्या पद्धतीने मान दिला आणि हांदिदी सुरू केलं. मला आठवतंय की तिचा आवाज त्या दुपारी थोडा फाटला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. आजूबाजूचे लोक शब्द म्हणत होते. कोण म्हणतं त्यांना म्हणता येत नाही? दुसरं कडवं संपलं. आईचे हात सवयीने थबकले. आणि तंबूच्या टोकापासून टोकापर्यंत लोकांनी शिट्टी मारली. आई दचकली, खरोखर दचकली, मग इतकी हसली की पुढची टाळी चुकली.

करार अर्थातच झाला नाही. कॉनर सभ्य माणूस होता, सभ्यपणे म्हणाला की असं वागून या देशात तुझं काही होणार नाही, आणि गाडीत बसून गेला. परतीच्या बसमध्ये रुडो माझ्या शेजारी बसली होती, पायात मोजे नाहीत, मांडीवर आमचा डबा, त्यातले धपाटे खात. ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. 'आईला काय सांगू?' एवढंच तिने एकदा विचारलं. मोयोकाकू दारातच उभ्या होत्या. ब्रीडाआजींनी कार्यक्रम रेडिओवर ऐकून त्यांना फोनवर आधीच सगळं कळवलं होतं. त्या सुजलेल्या गुडघ्यांवर वाकल्या आणि त्यांनी आपल्या मुलीसमोर टाळ्या वाजवल्या, हळू, पोकळ, जशा मोठ्यांसमोर वाजवतात. तेव्हा कुठे रुडो रडली. आमच्या घरात बाबांनी भात केला होता. तो कच्चा होता. मी सांगितलेला उखाणा त्यांनी मान खाली घालून ऐकला आणि म्हणाले, 'नाव घेतलं ना? मग झालं.' पुढच्या मीटिंगला मंडळात कोणीतरी काही बोललं, तेव्हा बाबांनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही, पण त्या वर्षी गणपतीत झिम्मा झाला आणि त्यात मोयोकाकू आणि रुडो होत्या.

कॉनरचं भाकीत बरीच वर्षं खरं ठरत राहिलं, हेही लिहायला हवं. रुडोला दार कोणी उघडलं नाही. ती चर्चच्या हॉलमध्ये गायली, लग्नांत गायली, गाडीच्या डिकीतून स्वतःच्या सीडी विकल्या, गल्ल्यावरची नोकरी सोडली आणि पुन्हा धरली. मधे वर्षभर तिचा आवाज बसला होता. मग हरारेच्या एका बाईने ते गाणं तिकडे नेलं, तिथून ते लागोसला, लंडनला, आणि सगळं जग फिरून ते इथे परत आलं, तेव्हा इथल्या लोकांना एकदम आठवलं की ही तर आपली डब्लिनची मुलगी. आता तिचं चित्र भिंतींवर रंगवलेलं असतं. माझी मुलगी मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. तिला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, मग तिने सुरुवातीलाच रूबी होऊन टाकलं असतं तर सोपं गेलं नसतं का? गेलं असतं बाई. फार सोपं गेलं असतं. पण तुला कोणी वेगळ्या नावाने हाक मारली तर तू ओ देशील का, ते मला आधी सांग. ती फणकाऱ्याने वर निघून गेली. तिचं नाव शाळेत नीट उच्चारतात, कारण तिने पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं होतं.

गेल्या महिन्यात रुडो आमच्या स्वोर्ड्सच्या घरी आली. केस बारीक कापलेले आणि पार पांढरे, पण दारात उभं राहण्याची तऱ्हा तीच. आई-बाबा आता माझ्याकडे असतात. आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, तिला कपाचा कान धरता येत नाही. एका नव्या कंपनीला ते गाणं नव्याने काढायचं होतं. सगळं तेच, रुडोचा आवाज तोच, हांदिदीही तेच, आता त्यांना ते हवंच होतं. फक्त टाळ्या स्वच्छ करून घेतल्या होत्या. 'टाळ्या माझ्या नाहीत,' रुडो म्हणाली, 'म्हणून विचारायला आले.' तिने फोन टेबलावर ठेवून नवं गाणं लावलं. आईने वाकडे हात मांडीवर घेतले आणि तळवे जमतील तेवढे पोकळ केले. टाळीला आवाज येत नव्हता, पण ती प्रत्येक टाळी देत होती. दुसरं कडवं संपलं. आईचे हात थांबले, मान गॅसकडे वळली. गाणं थांबलं नाही. टाळ्या तशाच सरळ पुढे निघून गेल्या.

'शिट्टी कुठाय?' आई म्हणाली.

'त्यांनी काढली.'

'आणि माझं थांबणं?'

'तेही भरून काढलं, आँटी. आता कुठे फट नाही.'

आईने फोन मनगटाने रुडोकडे सरकवला. मग म्हणाली, 'लाव त्या कंपनीवाल्याला फोन.' रुडोने लावला. पलीकडून एक तरुण, आनंदी आवाज आला. रुडो म्हणाली, 'टाळीवाल्या बाई बोलतायत,' आणि फोन आईच्या तोंडाशी धरला. आई ताठ बसली. 'हॅलो,' ती इंग्रजीत म्हणाली. 'मी मिसेस कुलकर्णी बोलतेय. हांदिदी.' तो तरुण काहीतरी समजावून सांगू लागला. आईने वाकड्या बोटाने लाल बटण शोधलं आणि दाबलं.

बाबा दारात येऊन उभे होते, काय चाललंय म्हणून. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

'कुकर लाव गं,' ती म्हणाली. 'रुडो जेवून जाईल. आणि यांना म्हणावं, गॅसला हात लावायचा नाही. तीन होऊ देत.'